बुडबुड्यातला उजेड आणि कणाची जागा

नाशिकला शालिमारजवळच्या एका चष्म्याच्या दुकानात काउंटरवर एक छोटं यंत्र आहे. जेवणाच्या डब्याएवढी स्टीलची टाकी, तीत पाणी आणि साबणाचा एखादा थेंब. दुकानदार काकांनी माझा चष्मा त्यात सोडला, बटण दाबलं आणि बारीक झिंऽऽ असा आवाज सुरू झाला. काही क्षणांत नाकावरच्या पॅडच्या फटीतून धुरासारखा मळ बाहेर पडला. ब्रश नाही, बोळा नाही, कुणाचा हात लागलेला नाही. सोबत माझी भाची होती. ती वाकून बघत म्हणाली, "मावशी, हा मळ काढतंय कोण?"

मळ काढणारे बुडबुडे डोळ्यांना धड दिसत नाहीत. हेच बुडबुडे योग्य परिस्थितीत मिटताना उजेडही देतात. तो इतका मंद असतो की वाढवण्यासाठी संशोधक आता पाण्यात नॅनोकण, म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे किंवा त्याहून बारीक कण, मिसळून बघतात. "नॅनोकणांनी प्रकाश वाढला" हे वाक्य ऐकायला सोपं आहे, पण त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकात मिसळून जातात. त्या सुट्या केल्या तरच हा विषय कळतो. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, आणि वर्गात हा विषय निघाला की याच ठिकाणी मुलं अडखळतात, असा माझा अनुभव आहे.

आधी त्या टाकीकडे बघू. टाकीच्या तळाला चिकटवलेली चकती सेकंदाला साधारण ४०,००० वेळा थरथरते. माणसाचा कान २०,००० पर्यंतच ऐकतो, म्हणून या आवाजाला अल्ट्रासाउंड म्हणतात. आपल्याला ऐकू येणारी झिंऽऽ ही त्या आवाजाची सावली म्हणा हवं तर, बरीचशी बुडबुड्यांच्याच गडबडीतून उठलेली. प्रत्येक थरथरीत पाणी एकदा दाबलं जातं आणि एकदा ताणलं जातं. ताणलं गेलं की त्यात आधीपासून असलेली हवेची सूक्ष्म पुटकुळी फुगते. लगेच दाब येतो आणि फुगलेला बुडबुडा चहूबाजूंनी मिटतो. हे मिटणं मोठं जोरकस असतं. पाणी आत धावतं, आतल्या वायूला पळायला जागा नसते, आणि सगळा जोर एका ठिपक्यावर एकवटतो.

पटत नसेल तर पोळ्या गुंडाळायच्या ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा अशा टाकीत उभा धरावा. काकांनी आमच्यासाठी तसा धरला. अर्ध्या मिनिटानं बाहेर काढून ट्यूबलाइटसमोर धरला तर फॉइलला टाचणीनं टोचल्यासारखी भोकं पडलेली, आणि भोकांच्या भोवती बारीक पुरळ उठल्यागत खरखरीत भाग. भाचीनं त्यावर बोट फिरवलं. "नुसत्या पाण्यानं?" नुसत्या पाण्यानंच.

शेतकऱ्यांना हे वेगळ्या नावानं माहीत आहे. निफाडच्या पुढे माझ्या मामेभावाची द्राक्षबाग आहे. एकदा त्याच्या मोटारीतून खडे फिरल्यासारखा आवाज यायला लागला. उघडून बघितलं तर आत खडा नव्हता, पण बिडाचा इंपेलर स्पंजासारखा झालेला. मोटार दुरुस्त करणारा एवढंच म्हणाला, "पाण्यानं खाल्लाय, ताई. फूट व्हॉल्व्हला गाळ अडकला असणार." त्याचं निदान अचूक होतं. ओढीच्या बाजूनं पाणी पुरेसं आलं नाही की तिथला दाब इतका उतरतो की थंड पाण्यातही वाफेचे बुडबुडे होतात. ते पुढे जास्त दाबाच्या जागी जाऊन मिटतात आणि मिटताना बीड कुरतडतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. शंभर वर्षांपूर्वी जहाजांच्या पंख्यांवर असेच खड्डे पडत होते. त्या प्रश्नावर लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये पाण्यातली गोल पोकळी मिटताना दाब किती वाढतो याचं गणित मांडलं, आणि आजही या विषयाचा अभ्यास तिथूनच सुरू होतो.

एक फरक इथेच सांगून ठेवते, कारण पुढे त्याचं काम पडणार आहे. बुडबुडा भिंतीजवळ मिटला तर तो गोल राहत नाही. भिंतीकडून पाणी कमी येतं, दुसरीकडून जास्त, त्यामुळे पाण्याची बारीक धार बुडबुड्याला भेदून भिंतीवर आदळते. फॉइलची भोकं आणि इंपेलरचे खड्डे यात या धारेचा मोठा वाटा. पण बुडबुडा भरपाण्यात, कशाचाही शेजार नसताना मिटला तर शेवटपर्यंत गोल राहतो आणि सगळी ऊर्जा आतल्या वायूत जाते. तो वायू तापतो. इतका तापतो की उजेड पडतो.

हा उजेड १९३४ मध्ये जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठात फ्रेन्झेल आणि शुल्टेस यांच्या हाती लागला, तोही भलतंच करायला गेले असताना. अल्ट्रासाउंडनं फोटो धुण्याची क्रिया लवकर होते का, हे ते बघत होते. फिल्मवर बारीक ठिपके उमटले. ते पाण्यातल्या बुडबुड्यांच्या प्रकाशाचे होते. या प्रकाराला सोनोल्युमिनेसन्स म्हणतात. आपण ध्वनिप्रकाश म्हणू. नंतर कितीतरी वर्षं हा उजेड म्हणजे हजारो बुडबुड्यांचा एकत्र गोंधळ होता, त्यातला एक वेगळा काढून बघता येत नव्हता. १९९०च्या सुमारास अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठात फेलिपे गायटन यांनी, लॉरेन्स क्रम यांच्या मार्गदर्शनाखाली, एकच बुडबुडा पाण्याच्या मधोमध ध्वनिलहरीत अडकवून ठेवला. तो जागेवरच फुगत होता, मिटत होता आणि दर खेपेला एकदा लकाकत होता. अंधाराला डोळे सरावल्यावर काचेच्या भांड्यात एक निळसर चांदणी स्थिर उभी दिसते. सेकंदाला वीस-तीस हजार वेळा पेटणारी आणि विझणारी, पण आपल्या डोळ्याला अखंड.

त्या एका बुडबुड्याची मापं बघा. एरवी त्याची त्रिज्या साधारण ५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ताणात तो फुगून ५० मायक्रॉनच्या घरात जातो, म्हणजे केसाच्या जाडीएवढा. मग मिटताना अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास येतो. त्रिज्या शंभर पट घटली म्हणजे आकारमान दहा लाख पट घटलं. आणि प्रकाशाची लकाकी टिकते सेकंदाच्या एक अब्जांशाचा सुमारे दहावा भाग. एवढ्या वेळात प्रकाश जेमतेम ३ सेंटीमीटर पुढे सरकतो.

वायू झटकन दाबला की तापतो. सायकलच्या पंपाचं खालचं टोक हवा भरताना गरम लागतं, तसंच. पण कोणता वायू दाबतो यावर बरंच अवलंबून असतं. कागदावरचा सोपा हिशेब असा: ५ मायक्रॉनचा बुडबुडा अर्ध्या मायक्रॉनवर आला आणि उष्णता बाहेर जायला वेळच मिळाला नाही, तर खोलीच्या तापमानाची साधी हवा साधारण ४,७०० केल्विनपर्यंत जाते. तोच वायू आर्गॉन असेल तर ३०,००० केल्विन. असं का? नायट्रोजन, ऑक्सिजनचे रेणू दोन अणूंचे असतात. मिळालेली ऊर्जा ते गरगर फिरण्यातही खर्च करतात. आर्गॉनचा अणू एकटा, त्याला तसलं काही करता येत नाही. मिळालं ते सगळं वेगात, म्हणजे तापमानात. प्रत्यक्षात आकडे याहून खाली राहतात, कारण आत वाफही असते आणि ती उष्णता खाते. तरी २००५ मध्ये फ्लॅनिगन आणि सस्लिक यांनी तीव्र गंधकाम्लातल्या आर्गॉनच्या बुडबुड्याचा वर्णपट तपासून सुमारे १५,००० केल्विन मोजलं. सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५,८०० केल्विनचा आहे.

मग साध्या हवेचा बुडबुडा पाण्यात एवढा कसा लकाकतो? मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते. हवेत आर्गॉन एक टक्क्याहूनही कमी. पण बुडबुडा दर खेपेला तापला की आतले नायट्रोजन आणि ऑक्सिजन फुटतात, त्यांची पाण्यात विरघळणारी संयुगं होतात आणि ती पाण्यात निघून जातात. आर्गॉन कशाशीच संयोग करत नाही, म्हणून तो मागे राहतो. अशा हजारो खेपा झाल्या की बुडबुडा स्वतःच स्वतःला गाळून जवळजवळ शुद्ध आर्गॉनचा होतो. ही कल्पना १९९७ च्या सुमारास डेटलेफ लोझे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली, आणि प्रयोगांतून ती टिकली.

पाणी थंड असेल तर उजेड वाढतो, हेही याच तर्कानं समजतं. थंड पाण्यात वाफ कमी. वाफ म्हणजे मिटणाऱ्या बुडबुड्याच्या आत ठेवलेली उशी. ती जितकी जाड तितका मार मवाळ. जानेवारीत निफाडला पारा उतरतो तेव्हा बागेत शेकोट्या पेटवून द्राक्षं वाचवायची धडपड चालते. त्या पहाटेचं विहिरीबाहेरचं पाणी या प्रयोगाला मात्र मे महिन्यातल्या पाण्यापेक्षा केव्हाही सरस.

आता कणांकडे येऊ.

बुडबुडा शून्यातून उठत नाही. पाण्यात ५० नॅनोमीटर त्रिज्येची (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग) सुटी, गोल हवेची पुटकुळी कल्पना करा. पृष्ठताण तिला सगळीकडून आवळतो, आणि तो आवळ जवळजवळ २८ वातावरणांच्या दाबाएवढा भरतो. कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला जास्तीचा दाब एका वातावरणाच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज करा. एवढ्या आवळात ती पुटकुळी क्षणार्धात विरघळून जाते. म्हणजे स्वच्छ, गाळलेल्या, निवळ पाण्यात फुगायला काही शिल्लकच राहत नाही. अशा पाण्यात अल्ट्रासाउंडचा जोर कितीतरी वाढवावा लागतो.

गाडीवर मसाला सोडा पिताना याचं उत्तर समोर असतं. ग्लासातला सोडा शांत, बुडबुडे मोजके. चमचाभर मसाला पडला की फस्सकन फेस वर येतो आणि ग्लासाबाहेर सांडतो. मसाल्यानं नवा वायू आणलेला नाही. त्यानं आणल्या त्या लाखो खरखरीत कडा आणि फटी, ज्यांत थोडी थोडी हवा अडकलेली आहे. सोड्यातला वायू बाहेर यायला दार शोधत होता, दारं मिळाली.

नॅनोकणाचं पहिलं काम हेच: जन्माची जागा देणं. पण कोणताही कण चालत नाही. त्याचा पृष्ठभाग अळवाच्या पानासारखा हवा. अळवावरचं पाणी आपल्याकडे म्हणीत आहे, ते पानाला चिकटत नाही, गोळा होऊन घरंगळतं. अशा पाणी न धरणाऱ्या कणावर बारीक खळगे असले तर पाणी त्या खळग्यात शिरत नाही. तोंडाशी आत फुगवटा काढून थांबतं. मग पृष्ठताण हवेला आवळण्याऐवजी पाण्यालाच अडवतो, आणि खळग्यातली हवा दिवसेंदिवस टिकू शकते. ताणाची लहर आली की तीच हवा फुगून बुडबुडा होते. उलट, पाण्यानं पूर्ण भिजणारा गुळगुळीत कण, स्वच्छ काचेच्या भुकटीसारखा, पाण्यात कितीही घाला, या कामाला फारसा उपयोगी नाही. म्हणून संशोधक सिलिकाचे जाळीदार कण करतात, त्यांच्यावर पाणी झटकणारा लेप देतात, कुणी वाटीच्या आकाराचे कण बनवतात. कण "नॅनो" आहे एवढ्यानं भागत नाही. त्याचं अंग भिजतं की झटकतं, हा खरा प्रश्न.

मग नॅनोच कशाला, बारीक वाळू का नाही? इथे भिंतीची गोष्ट आठवा. १०० नॅनोमीटरचा कण पूर्ण फुगलेल्या बुडबुड्याच्या तुलनेत हजारावा भाग असतो. तो बुडबुड्याला जन्म देतो पण भिंत होऊन त्याचा गोलावा बिघडवत नाही. वाळूचा दाणा बिघडवतो, आणि गोलावा गेला की उष्णता गेली. शिवाय संख्या बघा: असे सिलिकाचे कण एका मिलिग्रॅममध्ये सुमारे एक लाख कोटी मावतात.

इथेच तो घोटाळा होतो. समजा कण घातल्यावर उजेड दहा पट मोजला. तर काय झालं? दहा पट बुडबुडे झाले, की प्रत्येक बुडबुडा दहा पट तेजस्वी झाला? मोजणाऱ्या यंत्रापुढे दोन्ही सारखंच दिसतं. पण पहिल्यात बुडबुड्याचं तापमान आहे तिथेच आहे, दुसऱ्यात ते वाढलेलं आहे. जत्रेत दहा पणत्या लावल्या म्हणजे ज्योत दहा पट गरम झाली असं कुणी म्हणत नाही. कणांनी जन्माची जागा दिली की बहुतेक वेळा संख्या वाढते, आणि कमी जोराच्या अल्ट्रासाउंडमध्ये बुडबुडे उठायला लागतात. हा फायदा मोठाच आहे, पण त्याला बुडबुडा जास्त तापला असं म्हणणं चूक. हा फरक मी आग्रहानं सांगते, कारण याच क्षेत्रात २००२ मध्ये बुडबुड्यांत अणुसंमीलन घडल्याचा दावा झाला होता, जगभर गाजला, आणि इतर प्रयोगशाळांना तो पुन्हा करून दाखवता आला नाही. काय वाढलं हे नेमकं न सांगता "वाढलं" म्हणण्याची किंमत मोठी असते.

कण वाढवत गेलं की उजेड वाढतच जातो असंही नाही. फार बुडबुडे झाले तर पुढचा थर लहर अडवतो, मागच्यांपर्यंत ती पोहोचत नाही. शिवाय पाणी गढूळ झालं की झालेला उजेडही आतच मुरतो. अल्ट्रासाउंड चालू असताना खळग्यातली हवा हळूहळू संपत जाते, हीसुद्धा अडचण आहेच.

कणाचं दुसरं काम बुडबुड्याच्या आत. वरण उतू गेलं की गॅसची निळी ज्योत क्षणभर पिवळी होते, हे रोजचं. मिठातला सोडियम ज्योतीत तापून पिवळा प्रकाश देतो. मिठाच्या पाण्यात बुडबुड्यांचा थवा लकाकतो तेव्हा त्याच्या वर्णपटातही हीच पिवळी रेघ दिसते. पण एकटा, स्थिर, गोल बुडबुडा मिठाच्या पाण्यात ठेवला तर ती दिसत नाही. म्हणजे मीठ आपणहून आत जात नाही; मीठ काही वाफ होत नाही. थव्यातले बुडबुडे मात्र एकमेकांना ढकलतात, पळतात, वेडेवाकडे होतात, आणि त्या वळवळीत पाण्याचे शिंतोडे आत उडतात. शिंतोड्याबरोबर मीठ गेलं. मग शिंतोड्याबरोबर नॅनोकणही जाईल. आत गेलेला कण तापतो, त्याच्यावरचे धातूचे अणू सुटे होतात आणि आपापल्या रंगाच्या रेघा देतात. पाण्यात कोणता धातू आहे हे त्या रेघांवरून ओळखता येतं.

याची किंमत असते. आत गेलेला घन पदार्थ आणि पाणी स्वतः तापायला उष्णता घेतात. त्यामुळे धातूची रेघ उजळली तरी बुडबुड्याचा बाकीचा पांढरा-निळा उजेड कमी होऊ शकतो. कोणता उजेड वाढवायचा आहे हे आधी ठरवावं लागतं.

तिसरं काम काठावरचं. बुडबुड्याचा प्रकाश जसजसा अतिनील बाजूला जावं तसा वाढत जातो, आणि तो आपल्याला दिसत नाही. त्यातला सर्वांत ऊर्जावान भाग, २०० नॅनोमीटरहून कमी तरंगलांबीचा, पाणीच लगेच शोषून घेतं. धुण्याच्या पावडरीत पांढऱ्या कपड्यांसाठी एक द्रव्य असतं, उन्हातला अतिनील प्रकाश घेऊन निळसर प्रकाश परत देणारं, म्हणून शर्ट उन्हात झगझगीत दिसतो. काही नॅनोकण हेच करतात. बुडबुड्याच्या जवळ थांबून न दिसणारा प्रकाश घेतात, दिसणारा देतात. ऊर्जा यात नवी आलेली नसते. एका नोटेची मोड झाली, इतकंच. पण डोळ्याला किंवा कॅमेऱ्याला दिसणारा उजेड खरोखर वाढतो.

सोन्याच्या नॅनोकणांचं नाव यात फार घेतलं जातं. सराफ बाजारात सोनं पिवळं. २० नॅनोमीटरच्या कणांचं सोनं पाण्यात तरंगत असेल तर पाणी लालबुंद दिसतं, कारण ते कण ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश गिळतात. शेजारी प्रकाश देणारा रेणू असेल तर सोनं त्याचा उजेड वाढवू शकतं, आणि फारच चिकटलं तर मालवूही शकतं. काही नॅनोमीटरच्या अंतरावर सगळं ठरतं. म्हणून "सोनं घातलं की उजेड वाढतो" असं सरसकट म्हणता येत नाही.

एवढ्या मंद उजेडामागे लोक का लागले आहेत? मुख्य कारण शरीर. प्रकाश अंगात काही मिलिमीटरच जातो. टॉर्चवर पंजा धरला तर कडांना लाली दिसते, हाडापलीकडचं काही नाही. अल्ट्रासाउंड सहज कित्येक सेंटीमीटर आत जातो. बाहेरून आवाज पाठवून आत नेमक्या जागी प्रकाश पाडता आला तर प्रकाशावर चालणारी औषधं खोलवरच्या गाठीतही जागी करता येतील. या उपचाराच्या वाटेला सोनोडायनॅमिक थेरपी म्हणतात, आणि जपानमध्ये १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिचे पहिले प्रयोग झाले. टायटॅनियम डायऑक्साइडचे कण यात खूप वापरले जातात. ते सुमारे ३९० नॅनोमीटरच्या खालच्या प्रकाशानं जागे होऊन पेशीला मारक असे ऑक्सिजनचे तिखट रेणू तयार करतात. पण ते जागे होतात ते बुडबुड्याच्या उजेडानं, उष्णतेनं, की बुडबुड्यात फुटलेल्या पाण्याच्या रेणूंमुळे, यावर तज्ज्ञांत वाद चालू आहे.

बुडबुड्याविनाही एक वाट निघाली आहे. २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या गटानं उंदरांच्या रक्तात झिंक सल्फाइडचे खास कण सोडले. कातडीजवळच्या रक्तवाहिनीतून जाताना ते बाहेरच्या प्रकाशानं भारले जात, आणि मेंदूत पोहोचल्यावर अल्ट्रासाउंडच्या धक्क्यानं ४७० नॅनोमीटरचा निळा प्रकाश सोडत. त्या प्रकाशानं मेंदूतल्या ठरावीक पेशी जाग्या करता आल्या. इथे उजेड कणाचा आहे, बुडबुड्याचा नाही. बातम्यांत दोन्ही एकच म्हणून येतात.

हे वाचून कुणी बाळाच्या सोनोग्राफीला घाबरू नये. तिथली वारंवारता काही मेगाहर्ट्झ, म्हणजे या टाकीच्या शंभर पट आसपास, आणि लहरी तुटक, क्षणिक. बुडबुडे उठू नयेत यासाठी यंत्राच्या पडद्यावर एमआय म्हणून आकडा दिसतो, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्याची कमाल मर्यादा १.९ ठरवलेली आहे.

आपल्याकडेही कॅव्हिटेशनचं मोठं काम झालं आहे. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत प्रा. अनिरुद्ध पंडित यांनी बुडबुड्यांचा हा मार पाणी शुद्ध करण्यापासून रसायनं बनवण्यापर्यंत कामाला लावायचा ध्यास घेतला. इंपेलर खाणारी शक्ती तीच, फक्त कामाला जुंपलेली.

चष्म्याच्या दुकानातून आल्यावर भाचीला उजेड बघायचाच होता. एकट्या बुडबुड्याची चांदणी आमच्या प्रयोगशाळेत जमणारी नाही, पण तिची चुलत बहीण जमते. ४० किलोहर्ट्झची साफसफाईची टाकी घेतली, तीत उंच काचेचा मोजपात्र-जार उभा केला, जारमध्ये धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात ल्युमिनॉल नावाचं रसायन. बुडबुडा मिटताना पाण्याचे रेणू फुटतात, ते तुकडे ल्युमिनॉलला भिडतात आणि निळा प्रकाश पडतो. हा उजेड रासायनिक, पण बुडबुडे कुठे मिटतात ते तो बिनचूक दाखवतो.

खिडक्यांना काळं कापड लावलं, दिवा घालवला आणि पंधरा मिनिटं नुसते बसून राहिलो. आधी काहीच नाही. मग जारमध्ये निळसर धुकं, मग त्या धुक्याचे आडवे पट्टे, एकावर एक, मध्ये अंधार. भाचीनं श्वास रोखून चार मोजले. अंधारात पट्टी वाचता येईना, तेव्हा तिनं केसांचे रबरबँड काढून जारवर चढवले आणि चाचपडत एकेक पट्ट्यावर सरकवला.

"मावशी, यात कण टाकले तर पट्टे वाढतील की उजळतील?"

पट्ट्यांच्या जागा लहरीची लांबी ठरवते, म्हणून ते तेवढेच राहतील. उजळले तर आत बुडबुडे वाढले की बुडबुड्यांचं तेज वाढलं, ते या डोळ्यांना कळणार नाही. त्यासाठी वर्णपट घ्यावा लागेल, एकदा भिजणाऱ्या कणांनी आणि एकदा झटकणाऱ्या कणांनी.

दिवा लावला. जारवर चार रबरबँड होते. पहिल्यापासून चौथ्यापर्यंत साडेपाच सेंटीमीटर. तीन अंतरं, म्हणजे एकेक १.८३. पट्ट्यांमधलं अंतर हे अर्धी लहर, म्हणून दुप्पट, आणि गुणिले ४०,०००. तिनं जुन्या वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला: सेकंदाला १,४६४ मीटर. पाठ्यपुस्तकात पाण्यातल्या आवाजाचा वेग आहे १,४८०च्या आसपास.